उगवतीची कळी

कडोलीच्या साहित्य संमेलनाला मी दरवर्षी जातो, नुसता ऐकायला. मागच्या खेपेला जेवताना शेजारी एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांनी विचारलं, "आपण काय करत होता?" म्हटलं, "देवळात कौल लावत होतो. चाळीस वर्षं." मास्तरांचा घास हातातच राहिला. "म्हणजे ते अंगात वगैरे येतं तसं?" म्हटलं, "छे हो, अंगात यायला अंग तरी धड पाहिजे की. मला पित्ताचा त्रास." मास्तर हसले. ते एका दिवाळी अंकाचं काम बघतात. जाताना म्हणाले, "लिहून द्या. पण खरं लिहा." इथंच पंचाईत झाली. खोटं लिहायचं असतं तर एका बैठकीत उरकलं असतं.

आमचं गाव बेळगुंदीच्या पलीकडं, डोंगराच्या कडेला. भात आणि रताळी पिकवणारं. गावात रवळनाथाचं देऊळ, आणि त्याची सेवा आमच्या गुरव घराण्याकडं. मला गावात सगळे आप्पा म्हणतात. वडिलांनंतर कौल लावायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा मी तिशीत होतो आणि सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

कौल म्हणजे देवाला विचारणं. तगरीच्या कळ्या पाण्यात बुडवायच्या आणि देवाच्या पाषाणाला, छातीच्या दोन्ही बाजूंना चिकटवायच्या. ज्याचं काम असेल त्याच्या नावानं गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे त्याचं नाव, घर, गाव आणि त्याची अडचण देवाला मोठ्यानं सांगायची. मग हात जोडून गप्प बसायचं. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. एवढंच. शिकायला अर्धा दिवस पुरतो. लोकांना वाटतं फार मोठी विद्या आहे, आणि मीही त्यांना कधी थांबवलं नाही.

गमती पुष्कळ झाल्या. एकदा पंचायतीच्या निवडणुकीत एकाच वॉर्डातले दोन उमेदवार एकाच दिवशी आले, एक सकाळी आणि एक दुपारी. दोघांनाही उजवी कळी पडली. दोघांनीही पेढे वाटले. निकालानंतर पडलेला उमेदवार तावातावानं आला, "आप्पा, तुमचा देव खोटं बोलतोय की!" मी म्हटलं, "तू काय इचारलंतंस? उभा ऱ्हाऊ काय, म्हणून इचारलंतंस. ऱ्हा म्हणाला. निवडून येणार काय, असं कुटं इचारलंस?" तो डोकं खाजवत गेला. पुढच्या निवडणुकीला परत आला, आणि यावेळी प्रश्न कागदावर लिहून आणला होता.

पण खरं काम कळीचं नव्हे. खरं काम गाऱ्हाण्याचं. आलेल्या माणसाला मी आधी समोर बसवायचो आणि त्याची अडचण तीनदा सांगायला लावायचो. देवाला एकदा सांगून कळत नाही काय, असं लोक विचारायचे. म्हणायचो, देवाला कळतं, तुला कळायचं राहिलंय. पहिल्यांदा माणूस म्हशीचं सांगतं, शेताचं सांगतं. दुसऱ्यांदा शेजाऱ्याचं, भावकीचं सांगतं. तिसऱ्यांदा सांगायला काही उरत नाही, तेव्हा स्वतःचं सांगतं. आणि मग मी विचारायचो, "तुजा जीव कुटं अडकलाय?" आपल्याकडं म्हणतातच, जीव थाऱ्यावर नाही, जीव लागत नाही, जीव तिथंच घुटमळतोय. लोक हे सहज बोलून जातात. मी ते अक्षरशः खरं धरायचो. जीव जिथं अडकला तिथं माणसाला परत घेऊन जायचं आणि सोडवून आणायचं, एवढाच माझा धंदा.

एक बसचा ड्रायव्हर होता, लोंढ्याकडचा. एका वळणावर त्याच्या गाडीखाली सायकलवाला येता येता वाचला. कुणाला ओरखडाही आला नाही. पण त्या दिवसापासून स्टिअरिंग धरलं की ह्याचे हात थरथरायचे. रजा संपत आली होती. बायको म्हणाली, वळणावरची बाधा झालीय. तिसऱ्या सांगण्यात तो रडायला लागला. म्हणाला, "त्यो सायकलवाला माज्याकडं बघून हसला, आप्पा. हात केला आन् गेला. मी गाडीतनं उतरलोबी न्हाई." मी त्याला एक नारळ दिला आणि सांगितलं, त्या वळणावर चालत जायचं, बसनं नाही. नारळ फोडायचा आणि सायकलवाल्याला शोधून त्याला प्रसाद द्यायचा. चार दिवस शोधत होता. सापडला. दोघांनी मिळून चहा घेतला. पुढच्या आठवड्यात हा गाडीवर हजर. आता बाधा होती का नव्हती, ते तुम्ही ठरवा.

आणखी एक नेम सांगतो, नाहीतर शिकलेली माणसं मला शिव्या घालतील. ताप, झटका, छातीत कळ, सापाचा दंश, गर्भारपण, ह्या गोष्टी घेऊन कोणी आलं की मी देवळाच्या पायरीवरूनच परत पाठवायचो. "आदी दवाखाना, मग देव. देव कुटं पळून जात न्हाई." कुणी जीव द्यायची भाषा केली तर त्याला एकटं सोडायचो नाही. स्वतः बेळगावला मनाच्या डॉक्टरांकडं घेऊन जायचो. त्या डॉक्टरीणबाई मला एकदा म्हणाल्या, "तुम्ही ऐकायला कुठं शिकलात?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर होतं, एका पापातनं शिकलो. तेच सांगायला हा लेख.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गावात दोन सख्खे भाऊ शेजारी शेजारी राहायचे, मध्ये एकच अंगण. थोरल्याची बायको रेणुका, धाकट्याची शांता. रेणुकाला मूल नव्हतं. शांता लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची, घाबरट. रेणुकानं तिला भाकरी थापायला शिकवली, डोक्याला तेल लावून दिलं, आजारात उशाला बसली. गावातल्या बायका म्हणायच्या, जावा कसल्या, ह्या सख्ख्या बहिणी. मग शांताचं दोनदा पोट पडलं. दुसऱ्या वेळी सातवा महिना होता.

धाकटा भाऊ माझ्याकडं आला. त्यानं विचारलं, "कुणाची नदर लागलीया? कुटल्या बाजूनं आलंय, तेवडं सांगा." असा कौल लावायची आमच्याकडं रीत होती. चार दिशांच्या चार कळ्या एका ओळीत लावायच्या, एका टोकाला उगवतीची, दुसऱ्या टोकाला मावळतीची, जी आधी पडेल ती बाजू. तेव्हा मला 'आधी दवाखाना' सुचलं नाही. मी कळ्या लावल्या. उगवतीची कळी पडली.

त्यांच्या घराच्या उगवतीला एकच घर होतं, थोरल्या भावाचं. मी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. आठ दिवसांत अंगणात चिऱ्याची भिंत उभी राहिली. रेणुकाला वांझोटी, नदरेची, करणीची, काय काय म्हणाले लोक. हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. बारशाला ती आली की बायका बाळाच्या तोंडावर पदर टाकायच्या. ती हळूहळू घरातनं बाहेर पडायचीच बंद झाली.

महिनाभरानं एका दुपारी मी एकटा देऊळ धूत होतो. देवाच्या दोन्ही बाजूंना दोन समया असतात. डावीकडची समई दांडा हलतो म्हणून त्या कौलाच्या आधीच बेळगावला कासाराकडं दिली होती, ती अजून आली नव्हती. उजवीकडची तेवढी जळत होती. ओल्या पाषाणावरचं पाणी उजव्या बाजूला भराभर वाळताना मी बघितलं. चार कळ्या घेतल्या आणि तशाच ओळीत चिकटवल्या. कसला प्रश्न नाही, गाऱ्हाणं नाही. समईजवळची पडली. उगवतीची. समई उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. मावळतीची पडली. तीनदा करून बघितलं. देवानं रेणुकाचं घर दाखवलं नव्हतं. एका दिव्याच्या धगीनं दाखवलं होतं.

त्याच संध्याकाळी जाऊन सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. मनाला कारणं दिली. भिंत तर बांधून झालीय, म्हटलं. एक कौल खोटा म्हटला तर बापजाद्यांचे सगळे खोटे ठरतील, म्हटलं. खरं कारण एकच. मी भ्यालो. त्यानंतर दिशेचा कौल कधी लावला नाही, माणूस दाखवणारा प्रश्न घेतला नाही, आणि कळीपेक्षा ऐकण्यावर भर दिला. लोक माझ्या ह्या पद्धतीचं कौतुक करायला लागले, लांबनं लांबनं यायला लागले. आणि रेणुका भिंतीच्या पलीकडं म्हातारी होत गेली. वीस वर्षं.

मधल्या काळात शांताला दवाखान्याच्या औषधानं मुलगी झाली. आता ती बेळगावात कॉलेजला जाते. दोन वर्षांपूर्वी थोरला भाऊ वारला, आणि रेणुका एकटी पडली. मागच्या श्रावणात गावात कुजबूज सुरू झाली की रेणुकानं अंथरूण धरलंय. तिचा माहेरचा भाचा तिला दवाखान्यात नेऊन आला. रक्त तपासलं, फोटो काढले, शरीरात काही निघालं नाही. मनाच्या डॉक्टरांकडं चला म्हटलं तर ती जागची हलेना. जेवण पुढ्यात ठेवलं तर भिंतीकडं तोंड करून पडायची. अशानं ती दोन महिनेसुद्धा काढणार नाही, असं डॉक्टरांनी भाच्याला स्पष्ट सांगितलं.

आणि एका सकाळी देवळात माझ्यापुढं शांता येऊन बसली.

"आप्पा, माज्या लेकीचं गाऱ्हाणं घाला," ती म्हणाली. "थोरली मरायला टेकलीया. जाता जाता तिचा तळतळाट माज्या पोरीला लागायला नको."

मी नेहमीप्रमाणं म्हटलं, "सांग. तीनदा सांगायचं."

पहिल्यांदा तिनं लेकीचं सांगितलं. परीक्षा, स्थळं, पोरीचं वाळत चाललेलं अंग. दुसऱ्यांदा भिंतीचं सांगितलं, कुणी काय बोललं, नवरा कसा चिडला. तिसऱ्यांदा तिनं लेकीचं नावही घेतलं नाही. म्हणाली, "भिंत बांदली त्या दिशी तिनं डबा धाडलाता. नाचण्याची आंबील. मला अशक्तपणा हाय म्हणून. मी ती कुत्र्याला घातली, आप्पा. तिच्या डोळ्यांदेखत. ती दारात हुबी हुती. काय बोलली न्हाई. डबा धुऊन घेऊन गेली." आणि ती पदर तोंडात धरून रडायला लागली. "मला आई न्हवती ओ. तीच हुती."

एरवी मी इथं विचारतो, जीव कुठं अडकलाय. त्या दिवशी मला विचारता आलं नाही. तिचा जीव जिथं अडकला होता, तिथं तो मीच अडकवला होता. स्वतःला म्हटलं, म्हाताऱ्या, आज नाही बोललास तर रेणुकाच्या तिरडीला खांदा द्यायची तुझी लायकी नाही.

मी तिला समईचं सगळं सांगितलं.

शांतानं पदरानं डोळे पुसले. मग उठून उभी राहिली. "आनि तुमी एवडी वर्सं..." एवढंच बोलली. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं वाटलं असतं. पण ती म्हणाली, "चला. आत्ताच्या आत्ता चला. तिला सांगा."

कौल लावणारा देवळाबाहेर गाऱ्हाणं घालत नाही, ही आमच्याकडची रीत. ती मोडून मी अनवाणी निघालो. वाटेत लोकांनी विचारलं, आप्पा, कुठं? शांताच उत्तर देत होती, "या, तुमीबी या. आयकायला या." रेणुकाच्या सोप्यात पोचेपर्यंत मागं वीसेक माणसं होती. त्यात भिंत बांधणारा धाकटा भाऊही होता.

रेणुका घोंगड्यावर पडली होती, हाडांची मोळी. मी तिच्या पायांकडं उभा राहिलो. आयुष्यात हजारो गाऱ्हाणी घातली, सगळी दुसऱ्यांच्या नावानं. स्वतःच्या नावानं हे पहिलंच. "बा देवा रवळनाथा, मी नागोजी भरमा गुरव, ह्याच गावचा, तुजा चाकर. रेणुकाक्काच्या घराकडं तू बोट दाखवलं न्हवतंस. माज्या समईनं दाखवलं. मला महिन्याभरातच कळलंतं. मी लपवलं. ह्या बाईचा काय बी दोष न्हवता. दोष माजा हाय."

आमच्याकडं गाऱ्हाणं संपलं की जमलेल्यांनी 'व्हय देवा' म्हणायचं असतं. मागनं आधी धाकट्या भावाचा आवाज आला, "व्हय देवा." चिरका आवाज. मग सगळे म्हणाले.

रेणुकानं तोंड वळवलं. माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर मी समजू शकलो असतो. ती नुसती बघत होती. "जावा आता," ती म्हणाली. मी निघालो. शांता राहिली. मागं वळून बघितलं तर ती जाऊबाईच्या पायाशी बसून पाय चेपत होती, आणि रेणुकानं पाय ओढून घेतले नव्हते.

त्या दिवसापासून मी कौल लावणं सोडलं. गावानं माझ्याशी कसं वागावं ते गावानं ठरवलं. काही जण बोलायचे बंद झाले, आणि त्यांचं बरोबर होतं. एक-दोघांनी येऊन विचारलं, "आप्पा, मग आमच्या येळचा कौल?" मी म्हटलं, "मला ठावं न्हाई, बाबा." हे वाक्य चाळीस वर्षांत पहिल्यांदाच म्हटलं. पुतण्या आता पूजा करतो. मी देऊळ झाडतो आणि कुणाला बोलायचंच असेल तर ओट्यावर बसून ऐकतो. कळ्या नाहीत.

रेणुकाची खबर शांताकडनं कळायची. पेज घेतीया. औषध घ्यावं तसं घेतीया, चार घास, सांगितलं म्हणून. शांतानं बेळगावच्या त्या डॉक्टरीणबाईंना घरी यायला राजी केलं, आणि त्या दोनदा येऊन गेल्या. भिंतीतले चिरे धाकट्यानं काढायला घेतले. माझं नाव मात्र त्या घरात निघत नाही, हेही शांतानंच सांगितलं. ते साहजिक होतं.

दसरा होऊन गेल्यावर एका सकाळी मी ओटा झाडत होतो. काठी टेकत रेणुका आली. एकटी. वीस वर्षांत ती देवळाकडं फिरकली नव्हती. तिनं देवाला हात जोडले नाहीत. सरळ माझ्यासमोर येऊन बसली.

"लोकांचं आयकतासा म्हणं," ती म्हणाली. "मग माजंबी आयका. येळ लागंल."

मी झाडू ठेवला आणि खाली जमिनीवर बसलो.

तिला तीनदा सांग म्हणायची माझी छाती नव्हती, आणि गरजही नव्हती. तिनं एका दमात स्वतःचंच सांगितलं. कुठल्या बारशातनं कुणी उठवलं, कुठल्या बाईनं वाट बदलली, सगळं, नावानिशी. मी मान खाली घालून ऐकत होतो. ऊन ओट्यावरनं सरकून माझ्या गुडघ्यावर आलं. शेवटी ती नवऱ्याबद्दल बोलली. "चांगला मानूस. मला कदी शब्दानं दुखवलं न्हाई. पर मरायच्या आदल्या दिशी माजा हात धरून म्हणाले, रेणुका, आता खरं सांग. तू कायतरी केलंतंस काय गं?"

माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिच्या डोळ्यांत नव्हतं. ती म्हणाली, "त्येंच्याजवळ मी अठरा वर्सं निजले, आप्पा. आन् त्येंच्या मनात ते हुतंच. आता हे जाऊन त्येंना कोन सांगनार?"

मी म्हटलं, "आक्का, हे मला फेडता येनार न्हाई. मी मेलो की पैल्यांदा त्येंच्याकडंच जाईन आन् सांगेन. तोवर तुमी सांगाल तेवडं आयकून घेईन."

ती काठी घेऊन उठायला लागली. मी हात पुढं केला. तिनं तो धरला नाही, खांबाला धरून उठली. तुम्हाला माफ केलं, असं ती म्हणाली नाही. आजपर्यंत म्हणालेली नाही. पायऱ्या उतरताना मात्र थांबली, पोटावरनं हात फिरवला आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "अगं बाई. भूक लागली की मला."

आणि ती भराभर घराकडं निघाली.